बघ, हसलीस

दाताच्या दवाखान्याचा पडदा, बोटभर आखूड. खालच्या फटीतून दिसणाऱ्या, वाट बघत बसलेल्यांच्या चपला.

सिमेंटची जाहिरात. लगेच तीच पुन्हा, जणू पहिल्या खेपेला कुणाला पटली नव्हती.

लांबच्या नातलगाचं घर, जेवणं आटोपलेली, हात पुसत बाहेर आलेले पाहुणे. ‘‘म्हणा ना एकदा. गाण्यात म्हणता तसं.’’ सगळ्यांच्या माना एका दिशेला.

भिंतींना बारीक छिद्रं असलेली एक खोली, जिच्यात बोललेलं परत येत नाही.

लेकीचा सकाळचा निरोप: आज दुपारी रेडिओ चुकवू नकोस. पुढे काही नाही.

मखमलीवर उलटा हात फिरवला की ती काळी पडते.

आणि एक भोक, जिथे आवाज असायला हवा होता.

भोक रेडिओत पडलं होतं. दुपारचा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, बाई लांबलचक टेबलावर मखमल पसरून कात्री चालवत होत्या, आणि ते गाणं लागलं तेव्हा पडद्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका सवयीने माना डोलवू लागल्या, कारण ते त्यांच्या मालकिणीचं गाणं होतं. ‘म्हण तू नाही, म्हण शंभरदा,’ असं गायक म्हणतो, ताल क्षणभर थांबतो, एक मुलगी ‘नाही’ म्हणते आणि लगोलग खुदकन हसते; मग गायक जिंकल्यासारखा, ‘बघ, हसलीस, म्हणजे हो.’ ती मुलगी म्हणजे बाई. तेव्हा त्या बाई नव्हत्या, कोरसमध्ये दुसऱ्या रांगेत उभं राहणारी एक किडकिडीत पोरगी होत्या. पण आवाज तोच. आज गायक म्हणाला, ताल थांबला, आणि त्या थांबलेल्या जागेत कुणीतरी ढोलाचे ठोके बसवले होते. मुलगी नव्हतीच. ठोके संपले आणि गायक जिंकल्यासारखा म्हणाला, बघ, हसलीस. कात्री मखमलीत अर्ध्यावर उभी राहिली. कारखान्यातली सगळ्यात जुनी मशीनवाली मशीनचं पायडल सोडून वर बघत म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही कुठे गेलात?’’ बाकीच्या हसल्या. गाणं संपल्यावर निवेदिकेने गोड आवाजात सांगितलं, की बदलत्या काळाचं भान ठेवून, श्रोत्यांच्या सूचनेवरून, हे लोकप्रिय गीत आम्ही थोडं स्वच्छ करून ऐकवत आहोत. स्वच्छ हा शब्द बाईंच्या कानात धुण्याच्या पिळ्यासारखा पडून राहिला. त्यांनी कात्री पुढे ढकलली, कारण मखमल अर्धी कापून ठेवता येत नाही.

गाणं वाईट आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि चाल चांगली आहे हेही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी माहीत असण्याचा त्यांना कधी त्रास झाला नव्हता. दुसऱ्या कडव्यात तो माणूस म्हणतो, दार लाव तू, खिडकी आहे. तिसऱ्यात तो तिच्या वाटेवर उभा राहतो, भर उन्हात, आणि त्याचं कौतुक तिनेच करावं अशी त्याची अपेक्षा असते. असा माणूस खरोखर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला असता तर बाईंनी त्याला सरळ केलं असतं, एकदोघांना केलंही होतं. पण गाणं हे गाणं. ते लागायचं, वाजायचं, लग्नातल्या मांडवात, केस कापण्याच्या दुकानात, शेजारच्या गच्चीवर, आणि नवरा अभिमानाने पाहुण्यांना सांगायचा, आमच्या घरात हिचा नकार फक्त रेडिओवर ऐकू येतो, घरात म्हणजे हुकूमच. त्या विनोदावर तो इतकी वर्षं जगला होता. नातलग आग्रह करायचे आणि बाई आढेवेढे न घेता म्हणायच्या, ‘नाही’, अगदी तसंच, शेवट किंचित वर उचलून. मग एक गंमत व्हायची, जी फक्त बाईंच्या लक्षात यायची. त्या म्हणून थांबल्या की खोली थांबायची. सगळे पुढच्या हसण्याची वाट बघायचे, आणि बाई हसत नाहीत असं दिसलं की कुणीतरी मावशी, कुणीतरी वहिनी, न राहवून खुदकन हसायची आणि गाणं पुरं करायची. हसू नेहमी दुसऱ्या कुणीतरी पुरवलेलं असायचं. पहिल्यापासूनच तसं होतं.

कारण त्या हसू शकल्या नव्हत्या. त्यात मानी असण्याचा प्रश्न नव्हता. जमलं नव्हतं इतकंच. छिद्रांच्या भिंतींच्या त्या खोलीत संगीतकाराने समजावलं होतं, लाडात म्हण, गुदगुल्या झाल्यासारखं हस, तुला तो आवडतो, फक्त कबूल करायचं नाहीय. ‘नाही’ पहिल्याच खेपेला छान आलं. हसू मात्र खोकल्यासारखं यायचं. पुन्हा घेतलं, पुन्हा खोकला. संगीतकार चिडला नाही, चांगला माणूस होता, त्याने कपाळ चोळलं आणि सांगितलं, पोरी, तू जा, चहा घे, बघू काहीतरी. त्यांनी चहा घेतला आणि तो विषय विसरल्या. मग गाणं बाहेर आलं, वडिलांनी कौतुकाने तबकडी आणून लावली, आणि स्वतःच्या आवाजातल्या ‘नाही’ला चिकटून लवंगी हसली. लवंगी म्हणजे कोरसमधली त्यांची मैत्रीण. बुटकी, तडतडी, कधी फुटेल सांगता यायचं नाही, म्हणून हे नाव. त्या चहानंतर, गाणं बाहेर येण्याआधी, दुसऱ्याच एका दिवशी व्हायोलिनवाला स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा सगळ्या खोलीभर शोधत होता आणि लवंगी हसत सुटली होती. माइक चालू होता. तेवढा तुकडा कुणीतरी कापून इथे जोडला. वडिलांना काही कळलं नाही. ते म्हणाले, किती मोकळी हसली आहेस. बाईंनी होकारार्थी मान हलवली होती, आणि त्या मानेचा हिशेब त्यांनी पुढे कधी केला नाही. प्रत्येक गोष्टीवर कुढत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

लेकीला फोन लावला तेव्हा ती तलावावर होती. लेक मुलांना पोहायला शिकवायची. मागे पाण्याचा, शिट्ट्यांचा, ओल्या पायांचा आवाज. ऐकलंस ना, असं तिने विचारलं, आणि तिच्या आवाजातली खुशी ऐकून बाईंना एकदम ती शाळेतून चित्र घेऊन आलेली आठवली. मग लेकीने भराभर सांगितलं. एक मुलगी खोल पाण्यात उतरायला तयार नव्हती, नाही नाही म्हणत होती, भीतीने तोंड वाकडं झालं होतं, आणि काठावरची मुलं टाळ्या वाजवत एका सुरात ओरडली, बघ, हसलीस. सगळ्यांना पाठ. त्यांतल्या एकाने तिला ढकललं. काही झालं नाही, लेक तिथेच होती, पण त्या दिवशी तिने इतर पालकांना घेऊन रेडिओला लिहिलं, पुन्हा लिहिलं, शेवटी त्यांनी ऐकलं. तुझा आवाज वापरतात गं ते, ती म्हणाली. आईचं नाव तिने लिहिलं नव्हतं, कारण गाण्यातल्या त्या मुलीला नाव नव्हतंच. तबकडीवर फक्त गायकाचं होतं.

‘‘तुझ्यासाठीच केलं, आई.’’

‘‘माझ्यासाठी केलंस आणि मलाच काढलंस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तो अजून गातोय.’’

मग लेक म्हणाली, ते गाणंच बंद व्हायला हवं, पण ते म्हणतात सगळ्यात जास्त मागणी त्यालाच आहे. बाईंना लेकीचा राग आला नव्हता. मुलीला ढकललं हे त्यांनी आज ऐकलं, लेकीने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, एवढाच फरक. पण बंद करण्याने काय होणार, हे त्यांना पडद्यांमुळे नीट कळत होतं: खिडकी झाकली म्हणजे बाहेरचं जात नाही, फक्त आतल्यांना दिसत नाही. गाणं बंद केलं तर ते लोकांच्या डोक्यात हसण्यासकट तसंच राहील, आणि डोक्यातल्या गाण्याला कात्री लावता येत नाही. आणि आज जे केलं होतं ते तर त्याहून वाईट. त्या माणसाला आता नाही म्हणणारंच कुणी उरलं नव्हतं. तो बोलतो, ढोल वाजतो, आणि तो जिंकतो.

संध्याकाळी नवरा मटार सोलत होता. त्यालाही बातमी कळली होती आणि त्याला खरं वाईट वाटलं होतं, कारण त्याचा विनोद गेला होता. तो म्हणाला, जाऊ दे गं, इतकी वर्षं वाजलीस, कुणाचं इतकं वाजतं. बाईंनी एक शेंग उचलली, सोलली आणि दाणे तोंडात टाकले. त्याला सांगण्यासारखं जे होतं ते त्यांनी त्याला कधी सांगितलं नव्हतं, लपवायचं म्हणून नव्हे, शब्द सापडले नव्हते म्हणून. कारखान्यात दिवसभर रेडिओ चालू असायचा तो स्वतःचा आवाज ऐकायला नव्हे. स्वतःचा आवाज त्या जवळ बाळगूनच होत्या, हवा तेव्हा काढता यायचा. रेडिओ चालू असायचा लवंगीसाठी. लवंगी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे फोटो होते, एक स्वेटर होता जो बाईंनी विणून दिला आणि ती गेल्यावर परत आला, पण आवाज कुठेच नव्हता. कोरसमधला आवाज हा पाण्यात ओतलेल्या पाण्यासारखा, वेगळा काढता येत नाही. फक्त हे एक खुदकन. महिन्यातून एकदोनदा, कधी आठवड्यातून, कात्री चालवता चालवता, अचानक, लवंगी खोलीत येऊन हसून जायची. तेवढ्यासाठी बाई त्या माणसाची तिन्ही कडवी सहन करायच्या, खिडकी, ऊन, सगळं. हे बरोबर होतं का, असं स्वतःला विचारण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. आता ती समोर येऊन बसली होती, मटारांच्या ढिगाशेजारी.

आणि त्या प्रश्नामागोमाग एक जुना टॅक्सीप्रवास आठवला. दोघी कुठल्याशा प्रदर्शनाहून परतत होत्या, लवंगीच्या मांडीवर काचेच्या भांड्यांचं खोकं, टॅक्सीत तेच गाणं लागलं. ड्रायव्हर आरशात बघून गुणगुणू लागला, हसण्याच्या जागी स्वतःही हसला. लवंगी पुढे वाकली. तिने अगदी शांतपणे सांगितलं, ते हसणं माझं आहे, गाणं बंद करा. ड्रायव्हरला वाटलं थट्टा. म्हणाला, ताई, मग तर मोठ्याने लावतो, आणि लावलं. लवंगी खोकं घट्ट धरून बाहेर बघत बसली. बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, कशाला मनावर घेतेस, मी घेते का. त्यावर लवंगीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं. तू तर नाही म्हणून मोकळी झालीस, ती म्हणाली होती, हो तर माझ्याकडून म्हणवून घेतलं. त्यानंतर लवंगी कुठल्याही स्टुडिओत चहाच्या सुट्टीत हसण्याआधी खोलीभर नजर फिरवायची, माइक चालू असल्याचा दिवा लाल आहे का बघायची. हसू येऊन जायचं तोवर. बाईंनी हे पाहिलं होतं, आणि पाहून रेडिओ चालूच ठेवला होता.

बाई जाऊन पोचल्या तेव्हा रेडिओची इमारत आतून कुठल्याही कचेरीसारखी निघाली. पाण्याचा फिल्टर, कुणाची तरी छत्री, आणि बैठकीच्या खोलीत पडदे इतके वाईट की बाईंनी बसताना त्यांच्याकडे पाठ केली. कार्यक्रम ठरवणारी मुलगी हुशार होती, दमलेली होती, गळ्यात हेडफोन विसरून हिंडत होती. गाण्यातली ती मुलगी समोर बसली आहे यावर तिचा आधी विश्वास बसेना. बाईंनी एकदा म्हणून दाखवलं, आणि ती शेवट किंचित वर उचललेल्या त्या एका शब्दावर उभीच राहिली. मग तिने मनापासून माफी मागितली आणि मनापासून अडचण सांगितली. लोकांची तक्रार होती की नकारानंतर हसू येतं, त्यातून चुकीचं शिकतात, म्हणून मुलीचा तुकडा काढला. गायकाच्या ओळीला हात लावता येत नाही, ती गाण्याचं तोंड आहे, ती काढली की फोनवर फोन. बाईंनी विचारलं, मग ज्याची चूक तो राहिला आणि जिने नाही म्हटलं ती गेली, याला तुम्ही स्वच्छ म्हणता का? मुलगी ओशाळून म्हणाली, काकू, तसं वाटलं नव्हतं आम्हाला. ते खरं होतं, आणि बाईंना ती त्याच क्षणी आवडली.

‘‘माझं ‘नाही’ परत ठेवा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हसू काढा. ते माझं नाहीय.’’

संकलक म्हणजे आवाज कापणारा-जोडणारा एक दाढीवाला माणूस, खुर्चीत बसल्यावर खुर्चीचाच भाग दिसणारा. त्याने जुनी मूळ ध्वनिफीत संगणकाच्या पडद्यावर उघडली. आवाजाची उंचसखल रांग, आणि बाईंनी काही सांगण्याआधीच तो म्हणाला, ही बघा शिवण, ‘नाही’चा श्वास इथे संपतो, पुढे खोली बदलते. खोली बदलते म्हणजे काय, असं कार्यक्रमवाल्या मुलीने विचारलं. म्हणजे हसणारी दुसऱ्या जागी, माइकपासून लांब उभी आहे, तो म्हणाला, आणि मागे कुणीतरी काहीतरी शोधतंय, खुर्ची सरकतेय. त्याने हसू उचलून वेगळं ठेवलं आणि ते एकटंच वाजवलं.

मागे गाणं नाही, पुढे माणूस नाही. खुर्ची सरकली आणि लवंगी हसली. इतक्या वर्षांत बाईंनी ते कधी असं ऐकलं नव्हतं. गाण्यात ते हसू लाडिक होतं, चावट होतं, कुणाला तरी बोलावणारं होतं. एकटं वाजल्यावर त्यात काहीच नव्हतं, फक्त एक बुटकी मुलगी, जिला समोरच्या म्हाताऱ्याचा चष्मा त्याच्याच कपाळावर दिसतोय आणि जिला आता कोणी थांबवू शकणार नाही. बाईंच्या हातांना एकदम काहीतरी धरावंसं वाटलं, आणि जवळ कापड नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच्याच पदराचं टोक धरलं. हे गेलं की रेडिओवर लवंगी नाही. कारखान्यात कात्री चालवता चालवता कुणी येणार नाही. जिला त्या विचारू शकल्या असत्या ती लवंगी आता नव्हती, आणि असती तर काय म्हणाली असती हे त्यांना टॅक्सीपासून माहीत होतं. मग त्या कशासाठी थांबल्या होत्या? स्वतःसाठी. हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं, आणि दिसल्यावर त्यांना लाज वाटली नाही. आपली माणसं आपल्याला हवीशी वाटतात, त्यात काय. फक्त ती त्या माणसाच्या गाण्यात डांबून ठेवून ऐकायची नसतात. कार्यक्रमवाली मुलगी हळूच म्हणाली, काकू, एवढा तुकडा तुम्हाला वेगळा देऊ का, घरी ठेवायला. बाईंनी खरंच विचार केला. मग त्यांना लाल दिवा आहे का म्हणून खोलीभर बघणारी लवंगी आठवली, आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिला न विचारता एकदा घेतलं होतं, पुन्हा नको.

‘‘अजून एकदा लावा,’’ त्या संकलकाला म्हणाल्या.

त्याने लावलं. खुर्ची सरकली, लवंगी हसली.

‘‘आता काढा.’’

लेकीला त्यांनी सांगितलं तेव्हा तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली की अजूनही तिला गाणं बंदच झालेलं आवडेल, आणि बाई म्हणाल्या, लिही की मग, आणखी लिही, तुला कोण अडवतंय. दोघी हसल्या. नवऱ्याने दुकानातून नव्या बॅटऱ्या आणल्या, कारखान्याचा रेडिओ विजेवर चालतो हे माहीत असून. आणि पुढच्या आठवड्यात, फर्माइशी गाण्यांच्या वेळी, गाणं लागलं. कुणी मागवलं होतं त्याचं नाव बाईंनी ऐकलं नाही. त्या दाताच्या दवाखान्याचा पडदा उसवून खाली पट्टी जोडत होत्या. बायकांच्या माना डोलू लागल्या. म्हण तू नाही, म्हण शंभरदा. ताल थांबला. ‘नाही,’ असं ती किडकिडीत पोरगी म्हणाली, आणि पुढे काही आलं नाही. एक कोरी जागा, श्वासाएवढी, जिच्यात कारखान्यातल्या सगळ्या जणी सवयीने हसायला तोंड उघडून थांबल्या. मग गायक जिंकल्यासारखा म्हणाला, बघ, हसलीस, म्हणजे हो. मशीनवालीचा पाय पायडलवर थांबला. तिने रेडिओकडे असं पाहिलं, जसं ती माप मारणाऱ्या कापडवाल्याकडे बघते.

‘‘हसली कुठे?’’ ती म्हणाली.

दुसरं कडवं सुरू झालं, खिडकी आली, आणि या खेपेला कुणाचीच मान हलली नाही. कोपऱ्यातली एक जण म्हणाली, मेला स्वतःच बोलतो, स्वतःच ऐकतो. बाईंनी पट्टी टाचली, दोरा दाताने तोडला आणि पडदा उचलून उजेडात धरला.

गायकाने ‘बघ, हसलीस’ म्हटलं त्या दिवशी फितीवर फक्त ‘नाही’ होतं. हसू नंतर, त्याच्या ओळीला जुळावं म्हणून, जोडलं.